काही हरकत आहे?

आपण दिवसातून दहा वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो. कुणी उशिरा आलं, हरकत नाही. दुकानदाराकडे सुटे दोन रुपये नाहीत, हरकत नाही. ‘हरकत आहे’ असं मात्र मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कुणाला लिहून दिलं नव्हतं. मग गेल्या वर्षी एकाच महिन्यात ते ४१२ वेळा लिहिलं. एकदा स्वतःच्या नावाने, बाकी ४११ वेळा दुसऱ्यांच्या. त्या पत्रांमुळे मला झोप लागत नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. झोप व्यवस्थित लागते. पण एक प्रश्न तेव्हापासून मागे लागलाय आणि तो माझ्या एकट्याचा नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात सोसायटीच्या ग्रुपवर रात्री सव्वाअकराला आलेल्या एका फॉरवर्डने झाली. महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. आमच्या सी विंगच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. मुलं तिथे क्रिकेट खेळतात, गणपतीत मांडव पडतो. जुन्या आराखड्यात तिथे उद्यानाचं आरक्षण होतं. वीस वर्षांत उद्यान झालं नाही, हा भाग वेगळा. नव्या आराखड्यात त्याच जागेवर लिहिलं होतं, ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरे’. हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, ‘हां, तिकडचे लोक तसेच.’ मला जे म्हणायचंय ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सोसायटीबद्दल आहे.

सकाळपर्यंत ग्रुपवर दीडशेच्या वर मेसेज आले होते. ‘रेट पडणार.’ ‘रात्री मुलींनी यायचं कसं?’ ‘मग आपण ईएमआय कशासाठी भरतोय?’ आणि बऱ्याच जणांच्या मेसेजमध्ये एक शब्द होता, ‘ते लोक’. हे सगळं वाचून मला राग आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या फ्लॅटचं कर्ज माझ्या नावावर आहे. एकोणीस वर्षं बाकी आहेत. ‘रेट पडणार’ हे वाचल्यावर माझ्याही पोटात गोळा आला.

सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, मला लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, “तू कॉम्प्युटरवाला ना रे? काहीतरी कर की.”

मी केलं. शनिवारी दुपारी बसून एक फॉर्म बनवला. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल टाका, बटण दाबा, हरकतीचं पत्र तयार. सगळी पत्रं सारखी दिसली तर महापालिका ती एकच धरेल, अशी शंका कुणीतरी काढली. म्हणून मी प्रत्येक मुद्द्याची चार-पाच वेगवेगळी वाक्यं लिहिली आणि स्क्रिप्ट ती उलटसुलट जुळवत राहिली. कुणाच्या पत्रात आधी पाणी, मग ड्रेनेज, मग वाहतूक. कुणाच्या पत्रात आधी वाहतूक. ‘रेट’ हा शब्द एकाही पत्रात नव्हता. ‘ते लोक’ही नव्हते. ग्रुपवर जे बोललं जात होतं, ते माझ्या स्क्रिप्टमधून जाऊन ‘पायाभूत सुविधांवरील अतिरिक्त ताण’ होऊन बाहेर पडत होतं. नऊ दिवसांत ४१२ पत्रं झाली. आवक विभागात शिक्के मारून पोच घेण्यातच अर्धा दिवस गेला. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. शाल आईने कपाटात जपून ठेवली आहे.

हरकत म्हणजे मत की माहिती?

ही सगळी व्यवस्था आहे काय, हे मी पत्रं देऊन झाल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं, पण आपण ॲपच्या अटीही ‘मान्य आहे’ दाबल्यावरच वाचतो, वाचल्या तर.

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होतो. रस्ता कुठून जाणार, शाळा, दवाखाना, बाग, बाजार कुठे होणार, कुठल्या जमिनीवर काय बांधता येणार, हे त्यात ठरतं. एकदा मंजूर झाला की साधारण वीस वर्षं शहर त्याच्या रेषांवर चालतं, किंवा चालायचं असतं. प्रारूप तयार झालं की कलम २६ प्रमाणे ते लोकांसमोर ठेवावं लागतं. कलम २८ प्रमाणे आलेल्या हरकती-सूचनांवर नियोजन समिती सुनावणी घेते. त्या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. मग समितीचा अहवाल, त्यानुसार बदल आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी.

यातला मला आवडलेला शब्द म्हणजे ‘कोणतीही व्यक्ती’. हरकत घ्यायला तुम्ही जमिनीचे मालक असायला नको, करदाते असायला नको, मतदारयादीत नाव असायला नको. कागदावर लिहून वेळेत द्या, एवढंच. मला हे कायद्यातल्या सगळ्यात उदार वाक्यांपैकी एक वाटलं.

पण कोणतीही व्यक्ती नेमकं काय देते? मत देते की माहिती देते? हा फरक वरवर शब्दांचा वाटतो, पण माझ्या ४१२ पत्रांचं सगळं भवितव्य त्यावर आहे. हरकत हे मत असेल तर ४१२ पत्रं म्हणजे ४१२ मतं. हरकत ही माहिती असेल तर सगळ्यांत मिळून एकच पत्र आहे, कारण ‘इथे पाण्याचा दाब कमी आहे’ ही माहिती एकदा सांगा की ४१२ वेळा, ती तेवढीच राहते.

इंग्लंडमध्ये याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिलेलं आहे. तिथे एखाद्या बांधकामाचा अर्ज आला की शेजाऱ्यांना साधारण २१ दिवस मिळतात आणि किती लोकांनी विरोध केला यापेक्षा विरोधाचं कारण काय, हे बघितलं जातं. कोणती कारणं धरायची आणि कोणती नाही, हेही ठरलेलं आहे. उजेड अडेल, रस्त्यावर गर्दी वाढेल, घरात डोकावलं जाईल, ही कारणं धरतात. माझ्या घराची किंमत पडेल किंवा खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, ही धरत नाहीत. म्हणजे आमच्या ग्रुपवरचा पहिला मेसेज तिथे पहिल्याच फेरीत बाद झाला असता. अर्थात तिथले लोकही काही साधुसंत नाहीत. किंमत पडेल म्हणता येत नाही, म्हणून तेही वाहतुकीबद्दलच लिहीत असणार.

आपल्याकडे हरकत दोन्ही प्रकारे वापरली जाते आणि दोन्ही प्रकारची उदाहरणं आहेत. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात कुठे वारसा इमारती गायब, कुठे उभ्या इमारतीतून रस्ता, अशा चुका लोकांनी दाखवायला सुरुवात केली. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा नव्याने करायला सांगितला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. तिथे लोकांनी दिलेली माहिती खरी होती आणि संख्याही होती. कार्यालयात नकाशा काढणाऱ्याला जे दिसत नाही ते त्या गल्लीत राहणाऱ्याला रोज दिसतं, ही या सगळ्या व्यवस्थेमागची मूळ कल्पना आहे आणि तिथे ती खरी ठरली.

दुसरं उदाहरण आरेचं. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाड तोडायचं असेल तर जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या झाडांचा प्रस्ताव आला तेव्हा हजारो लोकांनी हरकती दिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. सर्वोच्च न्यायालयाने आणखी तोड थांबवली तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तेव्हा मी कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलो होतो आणि एक हरकत-पत्र मीही फॉरवर्ड केलं होतं, न वाचता.

संख्येचा आणखी एक हिशोब. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. प्रत्येकाला ऐकायला ३ मिनिटं दिली तर ८० हजार गुणिले ३ म्हणजे ४,००० तास. रोज ८ तास बसायचं म्हटलं तर एकही सुट्टी न घेता ५०० दिवस. जेव्हा सगळेच एकदम बोलतात तेव्हा ऐकणारा माणूस प्रत्येकाला ऐकू शकत नाही, तो ढीग करतो. माझ्या स्क्रिप्टने त्या ढिगात ४१२ कागदांची भर घातली. एखाद्या ढिगाच्या तळाशी कुणाचं तरी एकटं, हाताने लिहिलेलं पत्र असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

एक हाताने लिहिलेलं पत्र

ते पत्र नंतर मीच लिहिलं.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. नऊ वर्षं झाली. मुदत संपायला चार दिवस होते आणि माझ्या टेबलावर पोच घेतलेल्या प्रतींचा गठ्ठा पडला होता. पोळ्या झाल्यावर हात पुसत त्या म्हणाल्या, “दादा, हे कसले कागद एवढे?”

मी सांगितलं, आराखड्याचे. शहराचा नकाशा बदलतोय, कुणाला काही अडचण असेल तर लिहून द्यायचं असतं.

“आमच्या वस्तीत पण कोण तरी सांगत होतं, रस्ता जाणारे म्हणून. ते कुठं सांगायचं असतं?”

मी लॅपटॉप उघडला. आराखड्याची पीडीएफ एवढी जड होती की माझ्याही लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला. त्यांच्या फोनवर ती उघडलीच नसती. बरीच शोधाशोध केल्यावर ओढ्याकाठची त्यांची वस्ती सापडली. तिच्यावरून दोन समांतर रेषा गेल्या होत्या. २४ मीटर रुंद रस्ता. मी नकाशा मोठा करून दाखवला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, “यात आमचं घर कुठाय?” नकाशात घरं नव्हती. रंग होता आणि रेषा होत्या.

मी माझ्या सवयीने लिहायला लागलो, ‘सदर रस्त्यास आमची तीव्र हरकत आहे.’ आणि मग त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तसं नका लिहू. रस्ता नको असं कुठं म्हणते मी? पावसाळ्यात रिक्षा येत नाही आत, बाईला बाळंतपणाला न्यायचं तर उचलून न्यावं लागतं. रस्ता करा. आम्हाला कुठं ठेवणार, तेवढं विचारा.”

मी तेवढंच लिहिलं. वस्तीत साधारण किती घरं आहेत, किती वर्षांपासून आहेत, कोण कुठे कामाला जातं, पावसाळ्यात काय होतं आणि शेवटी, रस्ता झाला तर या घरांना आराखड्यात कुठे जागा दिली आहे? एक पान. खाली त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

माझ्या ४१२ पत्रांमध्ये एकाही ओळीत नसलेली गोष्ट त्या एका पानात होती. नकाशा काढणाऱ्याला माहीत नसलेली माहिती होती आणि ज्याचं उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न होता.

आणि त्या प्रश्नाचं एक उत्तर मला माहीत होतं. आम्हाला कुठं ठेवणार? सी विंगच्या मागे. त्या प्लॉटवरची घरं नेमकी याच वस्तीसाठी होती असं नाही, पण अशाच वस्त्यांसाठी होती. तो गठ्ठा त्यांच्यासमोर पडला होता. त्यांनी विचारलं होतं, हे कसले कागद. मी ‘आराखड्याचे’ म्हणालो आणि थांबलो.

कारण खरं, पण हेतू वेगळा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी काही चुकीचं केलं का?

माझा वकील म्हणून मीच उभा राहिलो तर बाजू बरीच भक्कम आहे. आमच्या पत्रांत एकही खोटं वाक्य नव्हतं. उन्हाळ्यात सोसायटीला खरोखर टँकर लागतात. ड्रेनेज खरोखर तुंबतं. समोरचा रस्ता संध्याकाळी खरोखर हलत नाही. कारणं खरी असतील तर ती कुणी कुठल्या हेतूने दिली, याच्याशी समितीला काय करायचंय? स्वतःचा स्वार्थ बघणं हा गुन्हा नाही. उलट माणूस स्वतःच्या दारातलं गटारच सगळ्यात बारकाईने बघतो, म्हणून तर त्याला विचारायचं असतं. मावशींनीही स्वतःच्याच घराबद्दल लिहिलं.

मग फरक कुठे आहे? तो मला कोडिंगच्या एका सवयीमुळे सापडला. एखादी गोष्ट कशामुळे होते हे कळत नसेल तेव्हा आम्ही बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून बघतो. मी एका रात्री ग्रुपवर विचारलं, “समजा महापालिकेने लिहून दिलं की आधी नवी जलवाहिनी टाकू, ड्रेनेज मोठं करू, मगच घरं बांधू. तर आपण हरकत मागे घ्यायची का?”

दीडशे मेसेज करणारा ग्रुप अर्धा तास गप्प होता. मग एकाने विचारलं, “तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?” मग कुणीतरी शुभ रात्रीचं चित्र टाकलं.

पाणी हे आमचं कारण असतं तर पाणी मिळाल्यावर हरकत संपली असती. मावशींची हरकत अशी संपू शकते. त्यांना जागा दाखवा, त्या रस्त्याला हो म्हणतात. आमची हरकत कशानेच संपत नव्हती. जी हरकत तिने मागितलेलं सगळं मिळाल्यावरही उरते, ती मुळात दुसऱ्याच कशाबद्दल तरी असते. प्रत्येक वाक्य खरं असूनही पूर्ण पत्र खोटं असू शकतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि त्याचा तोटा फक्त नैतिक नाही. आमच्या पत्रांवर विश्वास ठेवून समितीने खरंच मोठी जलवाहिनी सुचवली असती, तरी आमचं समाधान झालं नसतं. ज्याला आजार खरा सांगितलाच नाही, त्या डॉक्टरने औषध तरी काय द्यायचं?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात एक कसोटी आहे. दुसऱ्याच्या हक्काला हात लावणारं कृत्य करताना त्यामागचा उद्देश तुम्हाला उघडपणे सांगता येत नसेल, सांगितला तर सगळा बेत फसत असेल, तर ते कृत्य अन्याय्य आहे. मी हे वाचलं तेव्हा मला कान्ट आठवण्याऐवजी माझी स्क्रिप्टच आठवली. तिचं कामच ते होतं, उघड सांगता न येणारं कारण सांगता येईल अशा कारणात बदलणं.

ही कसोटी एकाच बाजूने चालते, हेही कान्टने म्हटलेलं आहे. लपवावं लागतंय म्हणजे अन्याय, पण उघड सांगता येतंय म्हणजे न्याय, असं नाही. ज्याच्या हातात पुरेशी ताकद आहे त्याला काही लपवावंच लागत नाही. ‘ते लोक नकोत’ असं सरळ लिहिणारी सोसायटी आमच्यापेक्षा प्रामाणिक असेल, न्यायी नसेल. म्हणून मी ती कसोटी माझ्यापुरती थोडी बदलून घेतली आहे. कारण जगाला सांगता येतं का, यापेक्षा, ज्याचं त्यात नुकसान आहे त्याच्या डोळ्यांत बघून सांगता येतं का? मावशी समोर उभ्या होत्या आणि मला सांगता आलं नाही. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला होता.

जे अजून रहिवासी नाहीत

कायद्यातल्या ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांकडे पुन्हा येतो. कागदावर आमचे आणि मावशींचे हक्क समान होते. प्रत्यक्षात आमच्याकडे इंटरनेट होतं, प्रिंटर होता, अर्धा दिवस रजा टाकता येणारी नोकरी होती आणि शनिवारी रिकामा असलेला एक कॉम्प्युटरवाला होता. वस्तीत ‘कोण तरी सांगत होतं’ एवढंच होतं. दार सगळ्यांना उघडं असलं तरी ते पाचव्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट फक्त काहींसाठी असेल तर त्याला उघडं म्हणायचं का?

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ज्या कुटुंबांना त्या घरांत राहायला जायचंय, ती कुटुंबं आज तिथली रहिवासी नाहीत. ती आत्ता शहरात कुठेतरी पसरलेली आहेत आणि त्यांना ठाऊकही नाही की एका नकाशावरचा एक चौकोन त्यांचा असू शकतो. काहींचा तर अजून जन्म व्हायचाय. स्थानिकांना विचारा, असं म्हणणं योग्यच आहे. पण स्थानिक म्हणजे जे आधी पोहोचले ते. आमची सोसायटी वीस वर्षांपूर्वी झाली तेव्हा ही शेतजमीन होती. तेव्हाच्या गावकऱ्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही ४१२ पत्रं दिली असती आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली कारणं असती.

यावरून ही प्रक्रियाच बंद करा, असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. ती बंद झाली तर आमचं फार बिघडणार नाही. आम्ही नगरसेवकाला फोन करू, कुणाचा तरी साडू मंत्रालयात निघेल. बिघडेल ते मावशींचं, कारण त्यांच्याकडे तो एक कागदच आहे. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. आपल्या हरकती-सूचना चौथ्या पायरीवर येतात, सल्ला विचारणं. तिथे बोलायला मिळतं, पण ऐकलं जाईल याची हमी नसते. शिडीच्या मधल्या पायरीवर उभं राहून वरच्या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या हरकतीचं काय झालं हे मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही आणि त्याबद्दल मी तावातावाने बोलू शकतो. ऐकणाऱ्याने निदान कारणासकट उत्तर द्यावं, ही मागणी रास्तच आहे. पण मी खरं कारण दिलंच नव्हतं. मग मला खरं उत्तर मागायचा किती अधिकार आहे?

सुनावणी

चार महिन्यांनी सुनावणी झाली. कामाचा दिवस, सभागृहाबाहेर रांग, हातात टोकन. आमच्या सोसायटीतून तीस-पस्तीस जण गेलो होतो. आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या कर्मचाऱ्याने गठ्ठा चाळला आणि विचारलं, “सगळ्यांचं एकच आहे ना? मग एकानेच बोला.” उलटसुलट जुळवलेली माझी सगळी वाक्यं त्याने दहा सेकंदांत ओळखली. काका दोन मिनिटं बोलले. चांगलं बोलले, पाण्याबद्दल. मला वाटलं होतं की आपण उठून काहीतरी वेगळं सांगू. उठलो नाही.

मावशींचा नंबर दुसऱ्या दिवशी होता. त्यांनी दोन घरची कामं बुडवली. मी बरोबर गेलो. समितीतल्या एका बाईंनी ते एक पान पूर्ण वाचलं, मान वर करून विचारलं, “किती घरं आहेत म्हणालात?” आणि उत्तर समासात लिहून घेतलं. यातून काय होईल ते माहीत नाही. पण काही लिहून घेतलं गेलं.

परत येताना बसमध्ये मी त्यांना सांगितलं. सगळं. मागचा प्लॉट, घरं, ते कागद, फॉर्म कुणी बनवला ते. त्या बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “तिथं झाली असती तर मला दोन बस तरी बदलाव्या लागल्या नसत्या.”

एवढंच. रागाने बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी महापालिकेला एक पत्र दिलं. मुदत केव्हाच संपली होती, हरकत मागे घ्यायची काही सोय आहे का हेही कुणाला नीट सांगता आलं नाही. तरी लिहिलं की माझ्या नावाची हरकत मी मागे घेतो. त्याऐवजी सूचना देतो, घरं बांधा, त्याआधी जलवाहिनी आणि ड्रेनेज करा आणि मुलांना खेळायला एक कोपरा राखा. हे पत्र मी हाताने लिहिलं. काकांना त्याची प्रत दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि तेव्हापासून मला सोसायटीचं कुठलंही काम सांगितलेलं नाही.

आराखडा अजून मंजूर व्हायचाय. मागच्या प्लॉटवर मुलं खेळतायत. पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर असा फॉर्म आला, आणि तो येईलच, तर बटण दाबण्याआधी स्वतःला एवढं विचारा की यात मागितलेलं सगळं मिळालं तर माझी हरकत संपेल का आणि ज्याला याचा फटका बसणार आहे त्याला हेच कारण मी समोर बसवून सांगू शकेन का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर जरूर लिहा, शक्यतो स्वतःच्या शब्दांत, आणि आपल्या ओळखीत ज्यांच्यापर्यंत तो फॉर्म पोहोचलेला नाही अशा एकाला तरी लिहायला मदत करा. उत्तर नाही असेल तर फॉर्म बंद करून सरळ ‘हरकत नाही’ म्हणा. मी जे पत्र मागाहून दिलं, त्याच्या पोच-प्रतीवर शिक्का आहे, तारीख आहे. ती प्रत मी शालीच्या खाली ठेवली आहे.